नकार आणि कविता

विरहातून कवी घडतो, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. कवितेत व्यथा दिसली की आपण त्यामागची स्त्री शोधू लागतो आणि ती सापडली की सारे उमगले असे मानतो. पण या शोधात कुणावर अन्याय तर होत नाही ना? ॲडम लिंडसे गॉर्डन याचे चरित्र वाचताना हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही.

ऑस्ट्रेलियात वस्त्यांपलीकडच्या रानमुलखाला ‘बुश’ म्हणतात. त्या मुलखातील घोडेस्वारांचे जीवन काव्यात आणणाऱ्या आरंभीच्या कवींत गॉर्डनची गणना होते. त्याचा जन्म १८३३ चा. इंग्लंडमधील त्याच्या उनाड तारुण्याला कंटाळून वडिलांनी त्याला ऑस्ट्रेलियाला धाडले. १८५३ च्या ऑगस्टमध्ये निघताना तो सतरा वर्षांच्या जेन ब्रिजेसचा निरोप घ्यायला गेला. तोवर त्याने मनातले प्रेम बोलून दाखवले नव्हते. तिने होकार दिला, निदान आशा दाखवली, तर प्रवासच रद्द करण्याची त्याने तयारी दर्शवली. तिला ते शक्य नव्हते. सुमारे साठ वर्षांनी वृद्ध जेनने ही हकीकत त्याच्या चरित्रकारांना सांगितली, तीही स्नेहाने.

२३ जून १८७० रोजी त्याचा ‘बुश बॅलड्स अँड गॅलपिंग ऱ्हाइम्स’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. छपाईचे पैसे द्यायची त्याची ऐपत नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे मेलबर्नजवळील ब्रायटन येथे त्याने आपले जीवन संपवले. नकाराने कवी घडला आणि नकारानेच त्याचा घास घेतला, अशी कथा मग सहज रचता येते.

मधली सतरा वर्षे मात्र निराळे सांगतात. घोड्यावरून पडून जायबंदी झालेल्या गॉर्डनची शुश्रूषा मॅगी पार्क या तरुणीने केली. १८६२ मध्ये ती त्याची पत्नी झाली. १८६८ मध्ये त्यांची एकुलती मुलगी वर्षाचीही न होता दगावली. धंदा बुडाला, शर्यतींत डोक्याला इजा झाल्या, स्कॉटलंडमधील वडिलोपार्जित मालमत्तेची आशाही १८७० मध्ये मावळली. त्या पहाटे त्याच्या मनात काय होते, ते परमेश्वरच जाणे. न्यायनिवाडा करणारे आपण कोण?

पण जेनवर तो भार टाकणे आम्हांस अनुचित वाटते. प्रेम मागता येते, वसूल करता येत नाही. विवाहविधीत धर्मगुरू वधूवरांना विचारतात, आपण स्वेच्छेने आला आहात ना? नकाराची मोकळीक नसेल तर या प्रश्नाला अर्थच उरत नाही. प्रामाणिक नकार देणारी मुलगी कुणाची ऋणी नसते.

आणि मॅगीचे काय? तिने जखमा बांधल्या, बाळाचे दुःख सोसले; तरी चरित्रातील ‘प्रेमकथा’ म्हणून जेनचाच निरोप सांगितला जातो. गमावलेल्या प्रेमाची आपण कथा करतो. मिळालेल्या प्रेमाची आपल्याला सवय होते. १८५७ मध्ये फादर ज्युलियन टेनिसन वुड्स यांची आणि गॉर्डनची ओळख झाली. हे धर्मगुरू त्या रानात त्याला पुस्तके देत, त्याच्याशी काव्याविषयी बोलत. पुढे १८६६ मध्ये पेनोला येथे त्यांनी मेरी मॅकिलप यांच्यासह संत जोसेफच्या धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. मेरी यांना २०१० मध्ये संतपद लाभले. एका एकाकी घोडेस्वाराला पुस्तक देणे हेही प्रेमच होते, आणि कवी घडण्यात त्याचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

१९३४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत गॉर्डनचा अर्धपुतळा बसवण्यात आला. तो सन्मान योग्यच आहे. परंतु आपल्या घरातील एखादा तरुण नकाराने खचून आला, तर त्याला कवींचे दाखले देऊ नयेत आणि त्या मुलीला बोलही लावू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला जेवू घालावे, रात्री एकटे सोडू नये. त्याच्या वाट्याला आलेले प्रेम संपलेले नाही, हे त्याला कळायला हवे. आणि ते कळवण्याचे काम घरच्यांचे आहे.