रात्री साडेदहाचा प्रश्न

पहिल्या वर्षाच्या वर्गात ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. वर्षभरात तिनं एकदाही हात वर केला नाही. एका रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर तिचा आवाज आला, दबका, बहुधा घरातली माणसं झोपली असावीत. “सर, भाव वाढला की मागणी घटते म्हणालात. पण दुष्काळात कडबा दुप्पट महागला तरी आमचे आबा तेवढाच घेतात. मग नियम कुठं गेला?” मागणीच्या लवचिकतेवर इतका नेमका प्रश्न मी वर्गात क्वचितच ऐकला आहे. ‘उद्या वर्गात बोलू,’ एवढंच मी तिला लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीचा सगळा तास त्या कडब्यावर घेतला. ती तेव्हाही बोलली नाही, पण मान वर करून ऐकत होती.

म्हणून या माध्यमाला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. चारचौघांत इंग्रजी शब्द चुकेल या भीतीनं गप्प राहणाऱ्या मुलांना त्यानं आपल्या बोलीत विचारायची जागा दिली. मात्र तो प्रश्न वर्गाच्या ग्रुपवर आला नव्हता, माझ्या क्रमांकावर आला होता. ग्रुपवर दिसतात त्या परीक्षा अर्जाच्या तारखा आणि त्याखाली ‘ओके सर’ची रांग. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय 2018 साली आली, तेव्हापासून कित्येक ग्रुपवर तीही रांग नाही. सूचनाफलकापुढं उभं राहून शेजारच्याला निदान विचारता तरी यायचं.

मार्च 2020 मध्ये महाविद्यालयं बंद झाली तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. पुढं दारं उघडली, वर्ग भरले, पण अडचणीच्या काळातली सोय तशीच राहिली आणि हळूहळू तिला नियमाचं वजन आलं. अंतर्गत परीक्षेची वेळ रात्री अकराला ग्रुपवर बदलली गेली आणि रिचार्ज संपलेला मुलगा दुसऱ्या दिवशी परीक्षा उरकल्यावर पोहोचला, हे मी पाहिलं आहे. ‘ग्रुपवर टाकलं होतं,’ हे त्याला मिळालेलं उत्तर. हा अन्याय आहे. महिन्याचा रिचार्ज परवडणं ही परीक्षेला बसण्याची अट कधी झाली, आणि ती कुणी घातली?

मुलींची अडचण याहून बिकट. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. अनोळखी मुलाचे मेसेज सुरू झाले तरी ग्रुप सोडता येत नाही, कारण सूचना तिथंच येतात. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी, आणि तीही संमतीनं वापरावी, हे 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचं मूळ तत्त्व. प्रवेश अर्जावरचा क्रमांक ग्रुपमध्ये घालताना त्या मुलीला कुणी विचारलेलं असतं का?

शिक्षकाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत पूर्णवेळ शिक्षकासाठी आठवड्याला किमान 40 तासांचं काम आणि रोज किमान 5 तास महाविद्यालयात हजर असणं सांगितलं आहे. रात्रीच्या फोनवरचे तास त्यात कुठंच मोजलेले नाहीत. माझ्यासारख्या कायम नोकरीतल्या माणसानं फोन बंद ठेवला तरी चालून जातं. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला मानधन मिळतं ते घेतलेल्या तासिकांचं, आणि पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही याची धाकधूक कायम. तो रात्री बाराच्या मेसेजलाही उत्तर देत बसतो.

त्या मुलीला बोलावंसं वाटलं ते एक माणूस ऐकेल या भरवशावर. तो भरवसा दिवसाउजेडी, महाविद्यालयाच्या आवारात मिळायला हवा. आठवड्यातले ठरावीक दोन तास शिक्षकानं विभागात दार उघडं ठेवून बसावं आणि ते तास तासिकावाल्यांच्याही मानधनात धरावेत. प्राचार्यांना माझी विनंती आहे : येत्या प्रवेशाच्या वेळी ग्रुपसाठी विद्यार्थ्याची लेखी संमती घ्या, आणि फलकावर व संकेतस्थळावर न लागलेली कोणतीही सूचना त्याच्यावर बंधनकारक धरू नका.