भिडेखातर ‘हो’

गेल्या वर्षी माझ्या मित्रांनी माझ्यासाठी एक प्लॅन आखला होता. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात टेस्टिंग टीममधली एक मुलगी मला आवडायची आणि तिला सोडून बहुतेक सगळ्यांना ते माहीत होतं. प्लॅन असा, की तिच्या वाढदिवसाला पँट्रीत केक कापला, की मी गुडघ्यावर बसून तिला विचारायचं आणि एकाने व्हिडिओ काढायचा. मला प्लॅन फार आवडला. का आवडला, हे स्वतःशी कबूल करायला मात्र दोन रात्री लागल्या.

ऑफिसातल्या प्रेमाशी माझी पहिली ओळख ‘का रे दुरावा’ने करून दिली. २०१४ साली झी मराठीवर ही मालिका सुरू झाली तेव्हा मी बारावीला होतो आणि आई जेवायला वाढता वाढता ती बघायची. सुयश टिळक आणि सुरुची अडारकर यांचे जय-अदिती हे नवरा-बायको. पण एकाच ऑफिसातल्या नोकऱ्या टिकवायच्या, तर लग्न लपवणं भाग. त्यामुळे घरी संसार आणि ऑफिसात ‘आमचं काही नाही’ असं नाटक. तेव्हा मला ते गंमतीचं वाटायचं. आता वाटतं, त्या नाटकाला एक प्रामाणिक पाया होता. दोघांनी ते मिळून ठरवलं होतं. ज्याच्यासमोर नाटक करायचं तो तिसरा होता.

माझ्या पँट्रीतल्या नाटकात ती सामील नव्हती. नायिका तीच, पण संहिता तिने वाचलेलीच नाही.

कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही ‘द ऑफिस’ ही अमेरिकन मालिका लॅपटॉपवर बघायचो. तिच्या चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागात (२००८) टोबी नावाच्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ असतो. जिमला त्या रात्री पॅमला मागणी घालायची असते आणि त्यासाठी त्याने फटाक्यांची सोय केलेली असते. पण ऐनवेळी अँडीच उठतो आणि सगळ्यांसमोर अँजेलाला विचारतो. अँजेलाचा जीव दुसऱ्यावरच असतो. तरी इतके जण टक लावून बघत असताना ती अवघडून ‘ओके’ म्हणते. जिम अंगठी खिशातच ठेवतो. पुढच्या सीझनच्या सुरुवातीला तो पॅमला एका पेट्रोल पंपापाशी, भर पावसात विचारतो. टाळ्या वाजवायला तिथे सहकारी नसतात.

हॉस्टेलवर आम्ही अँडीला हसलो होतो. पँट्रीच्या प्लॅनमध्ये मी अँडीच होतो.

आमच्या धंद्यात स्क्रीनवर एक चौकट येते आणि तिच्यावर फक्त ‘ओके’ एवढंच बटण असतं. तो प्रश्न नसतो, ती सूचना असते. प्रश्न असेल तर दुसरं बटण लागतं आणि तेही तितक्याच सहज दाबता यायला हवं. चाळीस माणसं, पेटलेल्या मेणबत्त्या, चालू कॅमेरा यांत तिचं दुसरं बटण मी आधीच काढून टाकलं होतं. त्या दोन रात्रींत मला कळलं ते हे: गर्दी मला प्रेम साजरं करायला नको होती, नकाराविरुद्ध विमा म्हणून हवी होती.

‘भीड ही भिकेची बहीण’ असं आपल्याकडे म्हणतात. भिडेला बळी पडणाऱ्याला दिलेला तो इशारा आहे. पण भीड घालणाऱ्याचं काय? समोरच्याला ‘नाही’ म्हणायची लाज वाटेल अशी वेळ आपणच जुळवून आणायची आणि मिळालेल्या होकाराला प्रेम म्हणायचं, यात फसवणूक आहे. ती तिची आहेच, आपलीही आहे.

तुम्ही म्हणाल, चारचौघांत प्रेम कबूल करायला धाडस लागतं. लागतं, मान्य. ‘मी हिच्यावर प्रेम करतो’ हे जगाला सांगणं धाडसाचंच. पण ते दोघांचं ठरल्यावर. मग ढोल-ताशा लावा, रील टाका. उत्तर यायच्या आधी प्रेक्षक बोलावले, तर जोखीम तुमच्याकडून तिच्याकडे सरकते. ‘हो’ म्हटलं तर ती अडकली, ‘नाही’ म्हटलं तर ती निष्ठुर. शिवाय ऑफिसातून तिला उठून जाताही येत नाही. उद्या सकाळी तीच स्टँडअप मीटिंग, तीच माणसं. विचारणारा वरिष्ठ असेल तर अप्रेझलही त्याच्याच हातात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा ऑफिसातल्या प्रेमाला मनाई करत नाही. त्याचा भर वागणं समोरच्या बाईला नकोसं आहे का, यावर आहे. पण नकोसं आहे हे सांगायला जागाच ठेवली नाही, तर ते कळणार कसं?

वाढदिवसाला मी फक्त केक खाल्ला. आठवड्याने, कोथरूडच्या बसची वाट बघताना तिला विचारलं. बस यायला दहा मिनिटं होती. म्हटलं, उत्तर आज नको, आणि ‘नाही’ असेल तरी काही बिघडणार नाही. घसा पार कोरडा पडला होता.

तीन दिवसांनी ती ‘नाही’ म्हणाली. वाईट वाटलं, अजूनही कधी कधी वाटतं. पण डबा आम्ही अजून एकाच टेबलावर खातो. परवा कुणीतरी तिच्यासमोर तो जुना प्लॅन बोलून गेलं. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “बरं झालं रे, तिथे नाही विचारलंस. मी ‘हो’ म्हणून बसले असते.”