सोडायच्या आधीचे दिवस

पालघर जिल्ह्यात बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात शिरताना विडी आणि काडेपेटी गेटावरच्या सुरक्षारक्षकाकडे जमा करावी लागते. आत ज्वालाग्राही द्रावकांची पिंपं असतात, एक ठिणगी पुरते. तंबाखूची पुडी मात्र खिशातच राहते. तिला धूर नाही, जाळ नाही, त्यामुळे तिची झडतीही नाही. गावी विडी ओढणारा माणूस इथे कामाला लागला की काही महिन्यांत मळायला शिकतो. बिहारकडून आलेला तिला खैनी म्हणतो, विक्रमगड-जव्हारकडचा तंबाखू म्हणतो, पण हात सारखेच चालतात. डबीतला चुना नखाने काढायचा, तळहातावर अंगठ्याने रगडायचा, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि खालच्या ओठाआड बार धरायचा. सगळं मिळून मिनिटभराचं काम, तेही मशीनवरची नजर न काढता.

कशासाठी खातोस, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. रात्रपाळीला डोळा लागत नाही. वासाने मळमळत नाही. डबा उघडेपर्यंत भूक दबते. या तिन्ही उत्तरांत शौक कुठेच नाही. ती कामाबद्दलची उत्तरं आहेत, आणि बोईसरमध्ये तंबाखूबद्दल बोलायचं तर ती आधी नीट ऐकून घ्यावी लागतात.

सल्ला देणारे भरपूर आहेत. पुडीचा 85 टक्के भाग चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. 2018 पासून तिच्यावर मदतीचा मोफत क्रमांकही असतो, 1800-11-2356. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. कंपनीत सुरक्षा सप्ताहात भाषण होतं, दवाखान्यात डॉक्टर दटावतात, घरी मुलगी शाळेत ऐकून आलेलं बोलून दाखवते. यातलं काहीच चुकीचं नाही. पण हा सगळा सल्ला सोडण्याच्या दिवसाबद्दलचा आहे, आणि तो दिवस यायच्या आधी माणूस महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जिथे उभा असतो त्या जागेबद्दल कुणी बोलत नाही.

त्या जागेचा पद्धतशीर अभ्यास जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेन्टी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केला. 1983 मध्ये त्यांनी 872 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपली आपण सिगारेट सोडू पाहणारी, सोडलेली, सोडून पुन्हा धरलेली आणि सोडण्याचा विचारही नसलेली माणसं होती. त्यातून पुढे एक मांडणी तयार झाली. आधी माणसाला हा आपला प्रश्न आहे असंच वाटत नाही. मग तो विचार करू लागतो, पण हलत नाही. मग तयारी करतो, मग प्रत्यक्ष सोडतो, आणि मग सोडलेलं टिकवत राहतो. घसरण कुठूनही होऊ शकते, आणि घसरलेला माणूस बहुधा अगदी तळाला जात नाही, पुन्हा विचारापाशी येऊन थांबतो. दारू, आहार, व्यायाम, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळीकडे ही मांडणी पुढे लावली गेली. माझ्या दृष्टीने तिचं मोल एका साध्या गोष्टीत आहे: वरून काहीही न बदललेल्या माणसाच्या आतही काही चाललेलं असतं, हे तिने मान्य केलं.

2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणाचे आकडे या दृष्टीने वाचावेत. महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे 3.8 टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के, म्हणजे आपल्या राज्याचं व्यसन मुख्यतः तोंडात धरायचं. देशभरात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी 49.6 टक्के जण सोडण्याचा विचार करत होते किंवा बेत आखत होते. मागच्या वर्षभरात 33.2 टक्क्यांनी प्रयत्नही केला होता. आरोग्य कर्मचाऱ्याने सोडायला सांगितलेले मात्र 31.7 टक्केच. गेटाबाहेर टपरीवर उभ्या असलेल्या दहा जणांत पाच जण आधीच मनाशी झगडत आहेत, आणि आपण त्या दहाही जणांना बेपर्वा समजून बोलतो.

विचार करणाऱ्या माणसाची अवस्था फार ताणाची असते. त्याला तोट्याची माहिती आहे. गालाच्या आतला पांढरा चट्टा त्याने आरशात पाहिलाय, तिखट लागलं की झोंबतं हे त्याला कळतं, आणि परळचं टाटा रुग्णालय बोईसरहून गाडीने गाठता येण्याजोगं असल्यामुळे तिथे जाऊन आलेला कुणीतरी त्याच्या ओळखीत असतो. तरीही तो हलत नाही, कारण दुसऱ्या पारड्यातही खरं वजन आहे. तंबाखू सोडल्यावरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोपेचं खोबरं, कामावर लक्ष न लागणं, आणि हा त्रास पुढे काही आठवडे रेंगाळतो. कंत्राटी कामगाराने हे दिवस काढायचे कुठे? रिअ‍ॅक्टरचं तापमान पाहणाऱ्याचं लक्ष उडालं तर काय होईल ते त्याला ठाऊक आहे. खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. अशा माणसाला भीतीची आणखी चित्रं दाखवून काय साधणार? त्याला हवा आहे जोडून सुट्टीचा आठवडा, दिवसपाळी, दोन मिलिग्रॅमची निकोटीनची गोळी कशी चावायची हे दाखवणारं कुणीतरी, आणि तलफ आली की शेजारी उभा राहणारा एखादा सोबती.

हे होऊ शकतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. टाटा मेमोरियलच्या गौरवी मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका रसायन कारखान्यात केलेलं काम 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. कर्मचारी 104, त्यातले 48 टक्के तंबाखू घेणारे. प्रत्येकाशी बोलणं झालं, प्रत्येकाचं तोंड तपासलं. व्याख्यानं झाली, गटचर्चा झाल्या, गरज पडली तिथे औषध दिलं. कारखान्याच्या वैद्यकीय विभागातल्या लोकांना प्रशिक्षण मिळालं, आणि घरच्यांना व कंत्राटी कामगारांनाही कार्यक्रमात घेतलं. वर्षअखेरीस सोडणाऱ्यांचं प्रमाण 40 टक्क्यांवर पोचलं. लोक खरं सांगतात का, हे लघवीतल्या कोटिनिनच्या (निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याच्या) चाचणीने पडताळलं, तेव्हा तोंडी माहिती आणि चाचणी 96 टक्के जुळली. कारखाना लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी मला त्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते: सोडणाऱ्यांचं प्रमाण प्रत्येक फेरीगणिक वाढत गेलं. पहिल्या भेटीत न हललेली माणसं पुढच्या भेटींत हलली. कार्यक्रम एका व्याख्यानावर आटोपला असता तर त्यांची नोंद ‘ऐकत नाहीत’ अशीच झाली असती.

माणूस जिथे आहे तिथे आपण जायचं, हा विचार पालघर जिल्ह्याला नवा नाही. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना या परिसरात अशी रुजली. मुलं गुरं राखायला जातात असं दिसल्यावर त्यांच्या मागोमाग शाळा कुरणातही गेली. मूल का येत नाही याचा राग धरण्याऐवजी ते आत्ता कुठे आहे हे त्यांनी पाहिलं. मोठ्या माणसांच्या सवयींबाबत आपण ही शहाणीव अजून वापरलेली नाही.

आपल्या परंपरेतही बदलाचे टप्पे चांगले ओळखलेले आहेत. श्रावण घ्या. वर्षभर घेणारे कितीतरी जण महिनाभर दारूला शिवत नाहीत, आणि त्यांना कुणी कारण विचारत नाही, कुणी आग्रहही करत नाही. महिनाभर जमतं हा अनुभव त्यांच्या पदरी पडतो. तयारीच्या टप्प्यावरच्या माणसाला याहून चांगली शाळा सापडणार नाही, पण महिना संपताना त्याच्याशी बोलायला आरोग्य यंत्रणेतलं कुणी जात नाही. माळ घालणं ही त्यापुढची पायरी. गळ्यात तुळशीची माळ आली की सगळ्या गावाला कळतं, आणि मग टिकवण्याची जबाबदारी गावही थोडी वाटून घेतं. माळकऱ्याला दारू आणि मांस वर्ज्य. तंबाखूची पिशवी मात्र अनेक माळकऱ्यांच्या कमरेला असते, कारण समाजाने तिला कधी व्यसन म्हणून मोजलंच नाही. ज्या गोष्टीला घरदार व्यसन मानत नाही, ती सोडण्याचा विचार एकट्या माणसाच्या मनात कुठून येणार?

प्रोचास्कांच्या मांडणीला कडाडून विरोधही झाला आहे आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. ब्रिटनमधले संशोधक रॉबर्ट वेस्ट यांनी 2005 मध्ये ही मांडणी मोडीत काढा असंच लिहिलं. महिन्याच्या आत सोडणार असेल तर तयारी, सहा महिन्यांत सोडणार असेल तर विचार, या रेघा मनाला येतील तशा ओढलेल्या आहेत, हा त्यांचा आक्षेप. 2006 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत दाखवलं की सिगारेट सोडण्याचे जवळपास निम्मे प्रयत्न ठरवल्या क्षणी, कसलीही तयारी न करता झाले होते, आणि असे प्रयत्न आखून केलेल्यांपेक्षा जास्त टिकले होते. आधीचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2010 च्या कॉक्रेन आढाव्यातही टप्प्यांनुसार बेतलेली मदत साध्या मदतीपेक्षा सरस ठरली नाही.

मला हा विरोध पटतो. माणसं पायऱ्या मोजत चढत नाहीत. शेजाऱ्याचा जबडा काढलेला पाहून त्याच संध्याकाळी पुडी खाडीत फेकणारा माणूस असतो, आणि पाच वर्षं विचारात अडकलेलाही असतो. टप्प्यांचा तक्ता करून माणसाला एका रकान्यात बसवलं आणि ‘हा अजून तयार नाही’ म्हणून सोडून दिलं, तर त्या मांडणीने नुकसानच केलं असं म्हणावं लागेल. मदत प्रत्येकाला, प्रत्येक वेळी पुढे करायलाच हवी. पण ती पुढे करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि आलेलं उत्तर सल्ला न देता ऐकायला हवं, एवढं या मांडणीतून मी नक्की घेईन.

तो प्रश्न आज आपल्या कागदावरच नाही. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशा कार्यकर्ती घरोघर एक तपासणी फॉर्म भरते. वय, कमरेचा घेर, व्यायाम, दारू, घरातले आजार, प्रत्येकाला गुण, आणि बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला प्राधान्याने पाठवायचं. तंबाखूसमोर तीन पर्याय आहेत: कधीच नाही, शून्य. पूर्वी घेत होतो किंवा आता अधूनमधून घेतो, एक. रोज, दोन. दोन वर्षांपूर्वी जिद्दीने सोडलेला आणि लग्नात-हळदीत हात पसरणारा, दोघांना एकच गुण. रोज खाणाऱ्यांत आज रात्री सोडू पाहणारा आणि विषय काढताच उठून जाणारा, तेही एकाच रकान्यात. फॉर्म आजाराचा धोका मोजायला केलेला आहे आणि ते काम तो करतो. पण आशाताई दारात आलेलीच आहे, माणूस समोर बसलेला आहे. ‘दादा, सोडायचं कधी मनात आलं होतं का? मग काय झालं?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो?

उत्तरं लिहून ठेवली तर दिसेल की ‘मग काय झालं’ या प्रश्नाला इथे ऋतूंची उत्तरं येतात. दिवाळीनंतर पाड्यावरची कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात गावी राहून सोडलेली तंबाखू भट्टीवर पुन्हा सुरू होते, कारण तिथे पहाटे उठून चिखल तुडवायचा असतो. बोईसरच्या खोल्यांत राहणारा परप्रांतीय छठला किंवा होळीला गावी जातो, तिथे आईसमोर खात नाही, आणि परतल्यावर पहिल्या रात्रपाळीला खातो. घसरण कुठे होते हे ठाऊक असेल तर मदत त्या जागी नेता येते, भट्टीवर, खोलीवर, पाळी बदलण्याच्या वेळी. कोसबाडला शाळा कुरणात गेली होती तशीच.

आणि फॉर्म भरताना घरातल्या बाईलाही विचारायचं असतं. 2016-17 च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 17 टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. तिला गेट नाही, पाळी नाही, सुरक्षा सप्ताह नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, चुरून ती सकाळी हिरड्यांना मशेरी लावते, आणि तंबाखू खाता का असं विचारलं तर खऱ्या मनाने नाही म्हणते, कारण ती दात घासते आहे. प्रोचास्कांच्या मांडणीतली ही पहिली अवस्था. इथे सोडण्याचा विषय काढणं फार लवकर होईल. तिला दात दुखतात का, दिवसातून किती वेळा लावावी लागते, लावली नाही तर डोकं चढतं का, इथून सुरुवात करावी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावं.