हळद जिंकली म्हणजे नेमके काय झाले?

हळदीचे पेटंट आपण अमेरिकेत रद्द करवून घेतले, ही गोष्ट मराठी घरांत अजूनही अभिमानाने सांगतात आणि ती सांगण्यासारखीच आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या भारतीय वंशाच्या दोन संशोधकांना जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट गेले. हा वापर नवा नाही, एवढेच तिथे ठरले. जखम खरोखर लवकर भरते का, किती हळदीने, कोणती जखम, हे तिथे कुणी विचारलेच नव्हते. ‘जुने आहे’ याचा दाखला आपण ‘गुणकारी आहे’ म्हणून घरी आणला आणि गोळ्या विकणाऱ्यांनी तो चौकटीत घालून दुकानात टांगला.

वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन असते साधारण दोन ते पाच टक्के. सारी कीर्ती त्याची. काचेच्या बशीत ते कर्करोगाच्या पेशी मारते, सूज आणणारी द्रव्ये दाबते, जंतूंना रोखते. ज्या चाचणीत घालावे तिथे होकारच देते. ज्याला प्रत्येक चाचणी होकार देते त्याच्याविषयी औषधशास्त्रज्ञाच्या मनात आधी संशय येतो. कर्क्युमिन स्वतः प्रकाश फेकते, त्यामुळे प्रकाश मोजून निकाल देणारी चाचणी फसते. ते धातूंना धरून ठेवते, पेशीचे आवरण बिघडवते आणि शरीरातल्यासारख्या द्रावणात काही मिनिटांत तुटून जाते. कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त हे सगळे मांडले. माणसांवर शंभराहून अधिक चाचण्या होऊनही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरी गोळी कोणती हे ठाऊक नसलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो सर्वांना मान्य नाही. गुडघेदुखीवरच्या काही लहान चाचण्यांत थोडा आराम दिसला आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. पण डब्यावरची भाषा गुडघ्यापाशी थांबत नाही.

कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोहोचतच नाही, ही तर बाजारालाही मान्य असलेली गोष्ट. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले वीस मिलिग्रॅम पिपरीन दिले तर ते रक्तात वीसपट उतरते. तेव्हापासून ‘दोन हजार टक्के’ हा आकडा डब्याडब्यावर झळकतो. रक्तात उतरले म्हणजे रोग हटला असे होत नाही, हे एक. दुसरे म्हणजे पिपरीन हे करते ते शरीराची परकी द्रव्ये निकामी करणारी यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा रुग्णाच्या इतर औषधांनाही लागते.

अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासगटाने हळदीच्या पूरकांशी जोडलेली दहा प्रकरणे तपासली. दहांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला. एक रुग्ण दगावला. पोह्यांतल्या हळदीला यात कुणी दोषी धरलेले नाही. चमचाभर हळदीत शंभरेक मिलिग्रॅम कर्क्युमिन, तर एका गोळीत बहुधा पाचशे, वर पिपरीन. आजी जे देत होती ते हे नव्हे, जाहिरातीत मात्र आजीचाच फोटो.

वनस्पतींकडून औषध मिळतच नाही, असे म्हणणाऱ्याने मुंबईचे रुस्तम जाल वकील आठवावेत. सर्पगंधाही आपली जुनीच. केईएम रुग्णालयातल्या या हृदयरोगतज्ज्ञाने उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर ती वापरून पाहिली आणि निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. रोग एक, मोजमाप एक: पारा किती उतरला. पुढे १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन वेगळे काढले आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येऊ लागली. त्याबरोबर दोषही उघड झाले: नाक चोंदते, सुस्ती येते, काही रुग्णांना नैराश्य येते. चांगली औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. मला ही सर्पगंधेची हार वाटत नाही. तिला प्रश्न विचारले गेले, तिने उत्तरे दिली आणि त्या उत्तरांवर तिची जागा ठरली.

कर्क्युमिनवर ही वेळ येत नाही, याचे कारण रसायनात नाही, कायद्यात आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरके औषधांच्या रांगेतून बाहेर काढली. विकण्याआधी गुण सिद्ध करण्याची सक्ती उरली नाही. आपल्याकडेही ती एफएसएसएआयकडे, म्हणजे अन्नाच्या खात्यात जातात. ‘रोग बरा होतो’ असे लिहायला बंदी, म्हणून ‘प्रतिकारशक्तीला पोषक’ लिहायचे. हजारो रुग्णांची खर्चिक चाचणी करून ‘नाही’ असे उत्तर कोण विकत घेईल? मग लहान, अर्धवट चाचण्या होत राहतात आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘आणखी संशोधनाची गरज आहे’ असे लिहिलेले असते. त्या एका वाक्यावर हा धंदा वर्षानुवर्षे आरामात चालतो.

ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा होऊ शकते, असा जाहीर इशारा दिला. आपला रुग्ण दवाखान्यात रक्तदाबाची गोळी सांगतो, साखरेची सांगतो. हळदीची सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसते. कावीळ घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टरांनीच ते विचारायला हवे, आणि जमलेच तर डबा सोबत आणायला सांगायला हवे.