राखी बगळ्यासोबत दोन तास

पाठ खुर्चीला टेकू द्या. मोबाइल बंद करून खिशात ठेवा. थिएटरातला अंधार डोळ्यांत मुरायला थोडा वेळ लागतो. तेवढा त्याला द्या.

सायरन वाजतोय. युद्धकाळातलं टोकियो. माहितो नावाचा मुलगा जळत्या रुग्णालयाकडे धावतोय. आत त्याची आई आहे. अर्थ लावू नका, फक्त त्याच्यासोबत धावा.

मग गाव, जुनं मोठं घर, तळं. आणि बगळा. हा आपल्या ओळखीचा. पवनारला धाम नदीच्या उथळ पाण्यात, बोर धरणाच्या काठाला राखी बगळा असाच मान आखडून उभा असतो. ‘द बॉय अँड द हेरॉन’मध्ये दिग्दर्शक हायाओ मियाझाकी त्याच्याकडे बघायला भरपूर वेळ देतात. तो घ्या.

एक सावकाश श्वास सोडा, चार सेकंदांचा. निर्माते तोशिओ सुझुकी यांनी सांगितलं होतं, साठ चित्रकार मिळून महिन्याला साधारण एका मिनिटाचं काम होतं. म्हणजे तुमच्या या एका श्वासात साठ जणांचे दोन दिवस पडद्यावरून गेले. २०२३च्या जुलैत चित्रपट जपानमध्ये लागला, तेव्हा मियाझाकी ८२ वर्षांचे होते.

माहितोच्या वडिलांचा लढाऊ विमानांच्या भागांचा कारखाना आहे. मियाझाकींच्या घरीही तेच काम चाले. इथे मला फुजी गुरुजी आठवतात. १९३३ साली हे जपानी भिक्षू वर्ध्यात गांधीजींना भेटले. त्यांचा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला. युद्धानंतर त्यांनी शांतिस्तूप उभारले, त्याच प्रेरणेचा एक वर्ध्यातही आहे. त्याच जपानचा हा मुलगा घरात आणलेल्या विमानाच्या काचा बघून म्हणतो, सुंदर आहेत. त्याला दोष देऊ नका. त्या सुंदर आहेतच. ही अडचण मनात तशीच राहू द्या.

शाळेतून परतताना तो दगड उचलतो आणि स्वतःच्याच डोक्यात मारतो. मान फिरवू नका. घरी तो सांगतो, पडलो. वडिलांना मात्र शाळेतल्या मुलांचा संशय. आपलं दुखणं पुढे करून आपण कधी कुणाला गुन्हेगार ठरवलंय का? प्रश्न येऊ द्या, उत्तराची घाई नको.

बगळ्यामागे तो घराजवळच्या जुन्या मनोऱ्यात शिरतो. शेवटाकडे तिथला वृद्ध पूर्वज त्याला निर्मळ ठोकळे देऊ करतो: यांनी नवं जग रच. माहितो डोक्यावरचा व्रण दाखवतो. ही माझ्यातल्या दुष्टाव्याची खूण, म्हणतो, आणि नकार देतो. मियाझाकींनी काढलेल्या साऱ्या आकाशांपेक्षा, उडत्या किल्ल्यांपेक्षा मला हा कबुलीचा क्षण मोठा वाटतो.

अजून एक दार उरलंय. मनोऱ्यातल्या जगात भेटलेली हिमी, म्हणजे त्याची आईच, तिच्या स्वतःच्या लहानपणीची. पुढे आगीत जायचंय हे कळूनही ती आपल्या काळाच्या दारातून परत जाते, कारण तिकडे तिला माहितोची आई व्हायचंय. ती हसते. त्या हसण्यापाशी हवं तितकं थांबा. रडू आलं तर येऊ द्या.

केन्शी योनेझूचं गाणं सुरू झालं की लोक उठू लागतील. तुम्ही बसून राहा. आता चित्र काढणाऱ्यांची नावं येतील.