गैरहजर मास्तर

आधी ते डबकं पूस, मग बस. आणि त्या पिल्लाकडे बोट दाखवून बोलणं बंद कर. ‘बाई, हा मुद्दाम करतो,’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढलंस तर याद राख. आठवीतही तुझं हेच होतं, गृहपाठाची वही हरवली की दोष दप्तराचा. आता तिशी उलटली, हाताखाली माणसं आहेत म्हणतोस, आणि वाद घालतोयस कोणाशी, तर तीन महिन्यांच्या कुत्र्याशी.

मुद्दाम करायला आधी मूत्राशयावर ताबा लागतो. तो त्याला अजून पुरता आलेला नाही. हिशेब सोपा आहे, तुला तोंडी करता येईल. पिल्लाचं वय जितके महिने, तितके तास, फार तर वर एक तास, एवढीच त्याची जागेपणीची कुवत. म्हणजे तीन महिन्यांच्या तुझ्या मोचाला तीन, फार ताणलं तर चार तास. रात्री झोपेत थोडा जास्त वेळ निघतो. खेळून दमला, पोटभर पाणी प्यायला, तर तेवढाही निघत नाही. आता तुमची वेळ सांग. तू सकाळी साडेआठला कोथरूडहून हिंजवडीला निघतोस. सूनबाई खराडीला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी साडेसातच्या आत या घराचं कुलूप निघत नाही. अकरा तास झाले. तू स्वतः अकरा तास कळ काढून दाखव, मग त्या जिवाला बेशिस्त म्हण.

त्याला शिस्त नाही हे तर साफ खोटं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शूसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि ती ते साफ करून टाकते, म्हणून झोपायची जागा कोरडी राहते. तीनेक आठवड्यांनी पाय चालायला लागले की पिल्लं आपणहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊन उरकतात. निजतो तिथे घाण करायची नाही, हा धडा त्या माउलीनं गिरवून घ्यायला सुरुवात केली होती. तू त्याला उचलून आणलंस कधी? पस्तिसाव्या दिवशी. ‘लहान असतानाच आणलं की लळा लागतो’ असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि तू मान डोलावलीस. त्याला गिऱ्हाईक हवं होतं, तू झालास. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे, २०१७ पासून केंद्र सरकारचा तसा नियम आहे. मोबाइल घेताना आठवडाभर परीक्षणं वाचत बसतोस, इथे एक नियम वाचवला नाही? त्या वयात पिल्लं एकमेकांना चावून, समोरच्याचं केकाटणं ऐकून, किती जोरानं चावायचं ते शिकतात. म्हणून तुझ्या हातावर हे ओरखडे आहेत. ते शिकवायचं कामही आता तुझ्याच गळ्यात आलं. शिवाय दुधाचे दात पडायला लागलेत, येते दोन-तीन महिने हिरड्या शिवशिवणार आणि तो दिसेल ते कुरतडणार. चपला वर ठेव, त्याला चघळायला काहीतरी दे, आणि त्या बाबतीत माझ्याकडे रडगाणं आणू नकोस.

आता तू म्हणशील, ‘बाई, चूक कळते त्याला. मी दार उघडलं की बघा कसा कान पाडून कोपऱ्यात जातो.’ अरे, ते तुझ्या चेहऱ्याला घाबरणं आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे तपासलं आणि २००९ मध्ये छापलं. कुत्र्याला खाऊ खायला मनाई करून मालकाला खोलीबाहेर पाठवलं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटंच सांगितलं की यानं खाऊ खाल्ला. ज्यांना रागावून घेतलं ती कुत्री अपराधी दिसली, मग त्यांनी खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट, काहीच न करता बोलणी खाणाऱ्यांचे चेहरे जास्त पडलेले होते. म्हणजे तुझा मोचा संध्याकाळी जे शिकतो ते इतकंच, की कुलपाचा आवाज झाला की मार बसतो. दुपारी दीड वाजता केलेल्या शूशी त्या माराचा संबंध त्याच्या डोक्यात जुळतच नाही. तरी तू त्याचं नाक त्या डबक्यात खुपसलंस. मी दारातून पाहिलंय, नाही म्हणू नकोस. ही पद्धत कोणी शिकवली तुला? पुढे काय होतं सांगते. माणसासमोर शू करणं धोक्याचं, एवढं तो पक्कं शिकेल. मग तू त्याला खाली नेऊन अर्धा तास फिरवशील आणि तो काही करणार नाही. वर आला की सोफ्यामागे जाऊन गुपचूप उरकेल. मग पुन्हा तू म्हणशील, मुद्दाम करतो.

पाव्हलॉव्ह तुला मीच शिकवला होता. घंटा आणि लाळ एवढंच लक्षात ठेवून परीक्षेत लिहून आलास. त्यातली मेख होती वेळेची. घंटेमागून लगेच अन्न आलं तरच कुत्रं दोन्हींची गाठ बांधतं. इथेही तेच. त्यानं योग्य जागी शू केली की ती संपता संपता, क्षण-दोन क्षणांत, कौतुकाचा शब्द आणि खाऊचा तुकडा मिळाला पाहिजे. लिफ्टनं वर आल्यावर स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून दिलेला तुकडा हा लिफ्टमधून वर आल्याचा झाला. म्हणून खाऊ खिशात ठेवायचा. आणि त्यासाठी त्या क्षणी तिथे माणूस हवा. विद्यार्थी सकाळपासून बाकावर बसलाय, मास्तर संध्याकाळी येऊन कोरी वही बघतो आणि छडी उगारतो. अशा मास्तराला शाळेत कोणी दुसऱ्या दिवशी पाऊल टाकू दिलं नसतं.

आणि तो टीव्हीशेजारचा कॅमेरा काढून टाक. हिंजवडीत मीटिंगमध्ये बसून मोबाइलवरून ‘मोचा, नो!’ ओरडतोस. खाली माझ्या घरात ऐकू येतं ते. रिकाम्या घरात मालकाचा आवाज येतो, माणूस दिसत नाही, बिचारा दारापाशी जाऊन हुंगतो आणि परत रडायला लागतो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याकडे निदान शेळ्या दिसण्याइतका उंट तरी असतो. पाहायचंच असेल तर आवाज बंद ठेवून पाहा, तो कधी उठतो, कधी गोल गोल फिरून हुंगायला लागतो, ते वेळेसकट वहीत लिही. तेवढा एकच उपयोग आहे त्या यंत्राचा.

पाण्याचं भांडं कुठे आहे? ओट्यावर? का? ‘कमी प्यायला की कमी करेल.’ वा! जीवशास्त्रात तुला पास केलं हीच माझी दया होती. आज भर एप्रिल आहे, पश्चिमेची गॅलरी तीन वाजल्यापासून तापते, आणि तू तीन महिन्यांच्या पिल्लाचं पाणी तोडलंस. आत्ताच्या आत्ता ते भांडं खाली ठेव. मी बघतेय.

पाणी कायम, आणि जेवण ठरलेल्या वेळी, हे लक्षात ठेव. तुम्ही उलट करता. खाण्याचा वाडगा सकाळी भरून ठेवायचा आणि दिवसभर तो तोंड घालत राहणार, मग शी कधी लागेल याचा काय भरवसा? या वयाला दिवसातून तीन वेळा मोजून द्यायचं, पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं उचलायचं. पोटात अन्न पडलं की आतडी हलतात, आणि पाच मिनिटं ते अर्धा तास यांच्यात बहुतेक पिल्लांना जावं लागतं. झोपून उठलं की लगेच, खेळ थांबला की लगेच, खाल्लं की थोड्या वेळानं. एवढ्या वेळा सांभाळल्यास तर निम्म्याहून जास्त डबकी होणारच नाहीत. आणि त्या दूध-पोळीवर ठेवू नकोस त्याला. पुष्कळ पिल्लांना दूध पचत नाही, मग पातळ होतं, आणि पातळ झालेलं कोणीच आवरू शकत नाही, तूही नाही.

डबकं पुसायला फिनेल वापरतोस, त्याचा वास तुझ्या नाकाला. त्याच्या नाकाला खालचा शूचा वास तसाच येतो, आणि बीगलचं नाक म्हणजे काय चीज आहे हे तुला घेताना कळायला हवं होतं. जिथे तो वास, तिथे पुन्हा शू. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते आण, नीट भिजव, थोडा वेळ राहू दे, मग पूस. अमोनियावालं काही वापरू नकोस, त्याचा वास शूशी मिळताजुळता. फिनेल त्याच्या पंजाला लागतं, तो पंजे चाटतो, ते पोटात जातं, हे वेगळंच.

आता गॅलरी. कधी कधी त्याला तिथे साखळीनं बांधून जाता, कारण ‘घर तरी स्वच्छ राहतं’. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याचं अकरावं कलम वाच. आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी काळ बांधून ठेवणं त्यात गुन्हा आहे. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकानं हिंडवलं नाही तर तोही गुन्हा, तिथे कुत्र्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तुझ्या एका कॉफीच्या पैशांत असे गुन्हे चार-पाच होतील, म्हणून मी तुला कायद्याची भीती घालत नाही. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुत्रं काढा म्हणून चिठ्ठी दिली, तिचं तू मनावर घेऊ नकोस. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये तसं कळवलेलं आहे. मात्र त्या परिपत्रकामागे लपून दिवसभराचं रडणं शेजाऱ्यांना ऐकवायचं नाही. बीगल ही इंग्लंडात सशांच्या मागे टोळीनं धावायला घडवलेली जात. लांबून शिकाऱ्याला ऐकू जावं म्हणून तो असा गळा काढतो. टोळीतला जीव एकटा गॅलरीत बांधलास, आणि वर विचारतोस, ओरडतो का?

कोंडायचं असेल तर पिंजरा वाईट नाही, हेही सांगते, कारण सूनबाईंना तो तुरुंग वाटतो. उभं राहता येईल, वळता येईल एवढा हवा, दार उघडं ठेवून आत जेवण देऊन त्याची सवय लावायची. निजायच्या जागी घाण करायची नाही, या आईच्या धड्यावरच तो चालतो. पण त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वेळ आत ठेवलंस तर नाइलाजानं तो तिथेच करेल, आणि एकदा तो संकोच मोडला की परत बसवताना तुझ्या नाकी नऊ येतील. दोन-तीन तास पिंजरा, अकरा तास नाही.

मग दिवस कसा भागवायचा? हा प्रश्न पिल्लू आणायच्या आधी विचारायचा होता, पण आता उत्तर ऐक. ऑफिसात सांग, दोघांपैकी एक जण घरून काम करेल, दिवस वाटून घ्या. सगळ्यांना बाळंतपणाला, गावच्या जत्रेला, क्रिकेटच्या मॅचला सुट्टी मिळते, तुला एका जिवासाठी मिळत नसेल तर तू मागितलेलीच नाहीस. ज्या दिवशी दोघंही बाहेर, त्या दिवशी दुपारी दोन फेऱ्या मारणारा विश्वासाचा माणूस पैसे देऊन ठेव. कामाच्या मावशींवर हे ढकलू नकोस. त्यांच्या पगारात ते नाही, आणि त्या कुत्र्याला घाबरतात हे तुम्ही दोघांनी कधी विचारलंही नाही. घरी असाल त्या दिवशी चोवीस तास मांडीवर घेऊन बसायचं नाही. पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, ये, दहा मिनिटं जा, ये. शनिवार-रविवार लाडाचा पूर आणि सोमवारी एकदम कुलूप, यानंच ती कुत्री वेडीपिशी होतात.

हे चार-सहा महिने चालायचं. मध्ये एखादा आठवडा सगळं मागे गेल्यासारखं वाटेल, तेव्हा हात उगारायचा नाही. आणि हे जमणारच नसेल तर तेही आत्ताच कबूल करा. दिवसभर माणूस असलेलं चांगलं घर शोधून द्या. तीन महिन्यांचं पिल्लू नव्या घरात रुजतं. दोन वर्षांचं, माणसाला बिचकणारं, घरभर घाण करणारं कुत्रं कोणी घेत नाही. ते मग रात्री गाडीतून सिंहगडाच्या रस्त्याला नेऊन सोडतात, आणि असं करणारी माणसं तुझ्यासारखीच शिकलेली, पगारदार असतात.

गप्प काय बसलास? लसींची फाइल दाखव. हं. पार्व्होचे दोन डोस झालेत, तिसरा बाकी आहे. तो होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडू नकोस, पण उचलून घेऊन जरूर फिरव. रिक्षा, फटाके, शाळेची पोरं, टोपीवाली माणसं, हे सगळं बघून घ्यायचं त्याचं वय आता संपत आलंय, आणि ते त्यानं गॅलरीच्या गजांतून घालवलं. रेबीजचं इंजेक्शन तीन महिन्यांना द्यायचं असतं, ते पान कोरं आहे. शनिवारी सकाळी डॉक्टरांकडे जा, महापालिकेच्या परवान्याला लागणारा दाखला त्यांच्याकडूनच घे, आणि येताना फाइल मला दाखवून मग वर ये.