बरं वाटणं, बरं होणं

सकाळी सेल्फचं बटण दाबावं, गाडीनं नुसतं ‘टक्’ करावं आणि मीटरचे दिवे मलूल व्हावेत. असं झालं की आपण निकाल देऊन मोकळे होतो, बॅटरी गेली. मीही तेच केलं. नवी बॅटरी घातली, गाडी एका बटणात सुरू झाली, जिवाला बरं वाटलं. अडीच महिन्यांनी पुन्हा तेच ‘टक्’.

या खेपेला कोल्हापुरात ज्यांच्याकडे गेलो ते मिस्त्री साठीचे. मी म्हटलं, “काका, दुसरी बॅटरी घालून द्या.” त्यांनी मल्टीमीटर काढला. “बॅटरी काय करणार ओ? ती नुसती साठवती. तयार करणारा दुसराच हाय, आधी त्याला विचारू.”

पण लगेच विचारलं नाही. उतरलेल्या बॅटरीवर मीटरचे आकडे फसवतात, म्हणून ती रात्रभर चार्जरवर ठेवली. सकाळी इंजिन बंद असताना १२.७ व्होल्ट, म्हणजे बॅटरीनं चार्ज धरला होता. मग गाडी चालू करून रेस दिली. आकडा चौदाच्या आसपास जायला हवा होता, तो साडेबाराच्या पुढे सरकेना. त्यात २०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम पेटलेला असतो. आवक तोकडी आणि खर्च चालू. बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत होती.

इंजिनाबरोबर चुंबक फिरतो आणि आतल्या स्थिर कॉइलमध्ये वीज उठते. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. ही एसी वीज तीन पिवळ्या वायरींतून आर-आर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटकडे जाते, तिथं तिची डीसी होते आणि जास्तीचा व्होल्टेज आवरला जातो. काकांनी मधला कपलर सोडवला आणि वायरी दोन-दोन करून तपासल्या. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा. तिन्हींतली एकही वायर बॉडीला लागत नव्हती. कॉइल निर्दोष.

मग त्यांनी तो कपलरच माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक कोपरा तपकिरी होऊन मऊ पडला होता, आतली पिन काळी. पिन सैल झाली की तापते, तापली की पकड आणखी सुटते, मग आणखी तापते. तीन वाटांपैकी एक अशी हळूहळू बुजत गेली होती. काकांनी जळका भाग कापून नवा कपलर जोडला, पुन्हा रेस दिली. १४.१.

चार्जिंग होतंय का हे मीटरशिवाय तपासायला इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघायची जुनी रीत अजून काही जण पाळतात. आताच्या गाड्यांत त्यानं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जाऊ शकतो, तेव्हा कुणी सुचवलं तरी करू देऊ नका.

मला मात्र अजून ते अडीच महिने छळतात. नवी बॅटरी भरलेली आली होती, म्हणून दोष असूनही गाडी पळाली, आणि त्या पळण्यालाच मी इलाज समजलो. बरं वाटलं होतं, बरं झालं नव्हतं. चार दिवस गावी जाऊन आलो की असाच ताजातवाना होतो मी, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत पुन्हा रिता. दर वेळी वाटतं, सुट्टी कमी पडली. रोज येणारी ऊर्जा कुठं अडते आहे, हे कधी बघितलंच नाही.

काकांनी नव्या बॅटरीचे पैसे वाचवले. मी निघताना सहज विचारलं, “मग माझी पहिली बॅटरीपण चांगलीच असंल?” ते म्हणाले, “असंल किंवा नसंल. मीटर लावला होता का कुणी?”

ती मी तेव्हाच मोडीत देऊन टाकली होती.